किती देते?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'गाड्या'. वहीच्या मागच्या पानावर मी फियाटची चित्रं काढायचो, हे समोर बसलेल्या बाईंना चांगलं ठाऊक आहे. मी इंजिनियर नाही, निव्वळ हौशी माणूस. त्यामुळे मतं माझी आहेत. पटली नाहीत तर जेवताना भांडू.

आपण दहावीत असताना, डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. त्याआधी गाडी म्हणजे फियाट, नाहीतर ॲम्बॅसडर, आणि तीही नंबर लावून, वाट बघून. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटचं पुढे 'पद्मिनी' झालं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग बाकडं, त्यावर ड्रायव्हर धरून तिघं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा मलाही चुकल्यासारखं झालं. पण 'जुन्या गाड्या काय दणकट होत्या!' हे मला मान्य नाही. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे. धडकेत गाडीचं नाक चुरगळायला हवं, म्हणजे दणका तिथे जिरतो. माणसं बसतात तो सांगाडा मात्र शाबूत राहायला हवा. आपल्याकडच्या त्या जुन्या गाड्या असा विचार करून बांधलेल्याच नव्हत्या.

आपल्यापैकी निम्म्या लोकांनी मला कधी ना कधी फोन करून विचारलंय, "कोणती गाडी घेऊ?" आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "किती देते?" कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. तिथे ना खड्डे, ना सिग्नल, ना खंबाटकीचा घाट. बरं, हिशेब करून बघा. वर्षाला १०,००० किलोमीटर धरा. लिटरला १५ देणारी गाडी आणि १८ देणारी गाडी यांत फरक पडतो साधारण १११ लिटरचा. शंभर रुपये लिटर धरलं, तर महिन्याला नऊशे-साडेनऊशे रुपये. एवढ्यासाठी आपण शोरूमवाल्याचं डोकं खातो आणि ब्रेकबद्दल एक शब्द विचारत नाही.

उद्योगाबद्दल एक गंमत सांगतो. काही गाड्यांची डिकी छाटल्यासारखी का दिसते? तो डिझाइन करणाऱ्याचा दोष नाही, तो कराचा परिणाम आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. मग काय, कंपन्या टेप घेऊन बसल्या! चांगल्या लांबसडक गाडीचं शेपूट कापून ती ३,९९५ मिलिमीटरमध्ये बसवायची. आपल्या गाड्यांचा आकार बराचसा दिल्लीच्या अर्थसंकल्पाने ठरवलाय.

आता विजेच्या गाड्या. चालवायला मला त्या आवडतात. पण आपल्या वर्गातल्या ज्यांची भोसरीला, चाकणला वर्कशॉप आहेत, त्यांच्याशी बोललो की उत्साह जरा आवरावा लागतो. इंजिन गेलं म्हणजे पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट, सायलेन्सर सगळंच गेलं. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, दिवे, वायरिंग राहणार. पाच-सात मशीनच्या शेडवाल्याने उद्यापासून काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मात्र ऑर्डर कमी होईपर्यंत थांबू नका, राहणाऱ्या भागांची कामं आत्ताच शोधा, एवढं मित्र म्हणून सांगतो.

आणि आता ज्यासाठी मी माईक हातात घेतला ती गोष्ट. आज सकाळी गेटपाशी उभा राहून मी तुमच्या गाड्या बघत होतो. छान गाड्या आहेत. काहींना सहा-सहा एअरबॅग आहेत. पण मागे बसून आलेल्या एकानेही पट्टा लावलेला मला दिसला नाही.

विज्ञानाच्या सरांनी आपल्याला जडत्व शिकवलं होतं. गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. ताशी ८० च्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे पंचवीस मीटरवरून, सुमारे आठव्या मजल्यावरून पडणं. सर, गणित चुकलं असेल तर सांगा. मागचा मोकळा माणूस त्याच वेगाने पुढच्या सीटवर जातो. स्वतः मरतो आणि पुढच्यालाही चेपतो. एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याऐवजी नाही. मागे पट्टा लावणं कायद्यानेही सक्तीचं आहे, पण पोलीस बघत नाही म्हणून आपण तो सीटकव्हरखाली दडपून टाकतो.

आज आपल्या मागच्या सीटवर कोण बसतं? म्हातारी आई, बायको, काहींची नातवंडं. ज्यांना जपायचं, त्यांनाच आपण मोकळं सोडतो.

तेव्हा 'किती देते' हे जरूर विचारा, पण आधी गाडीला किती स्टार आहेत ते विचारा. आपल्याकडे २०२३ पासून 'भारत एनकॅप'ची चाचणी सुरू झाली आहे, निकाल कुणालाही बघता येतात. आणि आज रात्री परत निघाल तेव्हा सीटकव्हरखाली हात घालून तो पट्टा बाहेर काढा. मी गेटपाशी उभा आहे. मागचे पट्टे लागल्याशिवाय एकही गाडी बाहेर सोडणार नाही.