वावडिंग, एरंडेल आणि चपला

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरून.)



मला विषय दिलाय ‘जंतांवरची घरगुती औषधं’. चहाच्या आधी हा विषय म्हणजे जरा अवघडच. शिवाय मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले. पण या विषयात मी एकदा चांगलाच आपटलोय, म्हणून बोलायचा अधिकार घेतो.

आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला एरंडेल आठवत असेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी आई आधी गुळाचा खडा द्यायची. आपण खूश. मग थोड्या वेळाने ओवा किंवा वावडिंगाची पूड, आणि शेवटी नाक दाबून एरंडेल. पुढचा दिवस कसा जायचा ते सांगत नाही.

हे आयांनी मनाने काढलेलं नव्हतं. चरकसंहितेत विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींवर सविस्तर सांगितलंय. आधी दूध, गूळ, तीळ असलं खायला घालून कृमींना कोठ्यात आणायचं, मग औषध, मग रेच. तिथे उपचाराचे तीन भाग आहेत. कृमी ओढून बाहेर काढणं हा पहिला, त्यांना जगता येणार नाही अशी पोटाची स्थिती करणं हा दुसरा, आणि ज्यामुळे ते होतात ते कारणच टाळणं हा तिसरा. हा तिसरा भाग लक्षात ठेवा.

या वनस्पतींमध्ये ताकद नाही असं कुणी म्हणू नये. डाळिंबाच्या मुळाच्या सालीतला अर्क 1878 साली फ्रान्समध्ये वेगळा काढला गेला आणि चपट्या कृमीवर डॉक्टर तो देत. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन गोल जंतांवर कितीतरी वर्षं जगभर वापरलं गेलं. ते घेतल्यावर माणसाला सगळं पिवळं दिसायचं. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, आणि कपिला हीही अशीच जुनी औषधं. वावडिंग तर बाळगुटीपासून आपल्या घरात आहे.

आता माझी गोष्ट. 1984 साली माझी बदली दक्षिण कोकणातल्या एका छोट्या शाखेत झाली. घर सुंदर, मागे माडाची वाडी, पण संडासाची सोय यथातथाच आणि बरेच लोक वाडीतच जायचे. माझी मुलगी पाच वर्षांची. पावसाळ्यात तिच्या पायांच्या बोटांमध्ये खाज सुटली, आम्ही चिखल्या समजून खोबरेल लावलं. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. ती भिंतीची माती खायची. आई म्हणाली, “जंत झालेत, दुसरं काय!” आणि वावडिंग सुरू झालं. गूळ, वावडिंग, एरंडेल. दर पंधरा दिवसांनी. मीही मान डोलवली. आमच्या हिला पहिल्यापासून शंका होती. मीच तिला गप्प केलं. शाळेची घाटी चढताना पोरगी दोनदा बसायला लागली, ओठ पांढरे पडले, तेव्हा कुठे तालुक्याला नेलं. हिमोग्लोबिन सहा. डॉक्टरांनी शौच तपासून सांगितलं, हे गोल जंत नव्हेत, अंकुशकृमी आहेत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. आणि ते तोंडातून नव्हे, बहुतेक वेळा ओल्या मातीतून अनवाणी पायातून शिरतात. ती खाज म्हणजे त्यांची शिरण्याची खूण होती.

मेबेंडाझोलच्या गोळ्या, दिवसातून दोन, तीन दिवस. मग काही महिने लोहाचं औषध. पोरगी सुधारली.

निवृत्तीनंतर मी यावर बरंच वाचलं आणि एका ठिकाणी थबकलो. अंकुशकृमीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जे औषध वापरत ते होतं थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याचं सत्त्व! म्हणजे औषध आईच्या डब्यातच होतं की! मग बँकवाल्याच्या सवयीने हिशेब केला. प्रौढाला चार ग्रॅमपर्यंत थायमॉल देत. शंभर ग्रॅम ओव्यातून साधारण तीन ग्रॅम तेल निघतं आणि त्यातलं निम्मं थायमॉल. म्हणजे एका मात्रेला पाव किलोच्या वर ओवा लागेल. चिमटीने काय होणार? आणि दुसरी गोष्ट वाचून तर अंगावर काटा आला. थायमॉलबरोबर तेल पोटात गेलं तर ते अंगात भिनून विषबाधा व्हायची, म्हणून रेच द्यायचा तो मिठाचा, एरंडेल मुळीच नाही. बरं झालं, आमचा ओवा चिमटीभरच होता.

कर्ज देण्याआधी आपण माणूस कोण ते बघतो. इथे आम्ही पोटात कोण बसलंय ते न विचारताच औषध मंजूर करत होतो. आजही दुकानातून वावडिंग आणलं तर पुडीत दुसऱ्याच जातीची फळं निघू शकतात, ती वेगळीच अडचण. गरोदर सुनांना तर घरच्या घरी यातलं काही देऊ नका.

मुलांसाठी आता सोपं आहे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, 10 फेब्रुवारीला. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत मिळतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी गोळी. आपल्याकडचे काही पालक “आमच्या मुलांना कसले जंत” म्हणून त्या दिवशी चिठ्ठी देतात. देऊ नका चिठ्ठी. मात्र मूल पांढरं पडलं, माती-खडू खाऊ लागलं, तर शौच आणि रक्त तपासून घ्या, गोळीवर थांबू नका.

आईला डॉक्टरांचं बोलणं लागलं असेल असं मला वाटलं होतं. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एकटी बाजारात गेली आणि नातीसाठी चपलांचे दोन जोड घेऊन आली, एक शाळेचा, एक वाडीतला. चरकांचा तिसरा भाग तिने वाचला नव्हता. वावडिंगाचा डबा मात्र शेवटपर्यंत तिच्या फळीवर होता.

जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिल्याच पावसाळ्यात मागच्या बाजूचं चेंबर तुंबून मुलांच्या खेळायच्या मातीत पाणी आलं होतं. सर्वसाधारण सभेत त्या खर्चावरून मी आवाज चढवला, दोन-तीन जणांशी वर्षभर अबोला धरला. “एवढ्याशा चेंबरसाठी काय हे!” असं तेव्हा सगळे म्हणाले. कारण मी कधी सांगितलं नाही. ते हे होतं.