डफ आपल्या हातात घेताना

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आपल्या कुठल्याही मेळाव्याचा फोटो आठवा. पुढे पाच-सात जणी गाणं म्हणताहेत, मागे सगळ्याजणी टाळ्या वाजवताहेत. आणि डफ? तो बहुतेक वेळा मित्र संघटनेतल्या एखाद्या भाऊंच्या हातात असतो. भाऊ भला माणूस असतो, वाजवतोही छान. पण तो आला नाही की आपलं गाणं लंगडं पडतं, आणि आला की गाणं किती जलद जायचं ते तो ठरवतो. गाण्याचे शब्द आपले, गळे आपले, चाल मात्र त्याच्या हातात. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही. डफ घेऊन तो उभा राहिला, कारण आपल्यापैकी कुणी पुढे झाली नव्हती.

ताल बायकांना नवा आहे असं कुणी म्हणू नये. जात्याच्या घरघरीवर ओव्या बांधणाऱ्या आपणच. झिम्मा, फुगडी, मंगळागौरीतलं सूप आणि लाटणं, सगळा तालाचाच खेळ. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा वेगळं वाद्य कुणी विकत आणलं नव्हतं. स्वयंपाकघरातलंच उचललं. म्हणजे हाताला येईल ते आपण वाजवलं. फक्त कातडं मढवलेल्या वाद्याला आपला हात लागू दिला गेला नाही. तमाशाचा फड बघा. घुंगरू बांधून बाई पुढे नाचते, गाते, आणि ढोलकी, हलगी, तुणतुणं मागे पुरुषांकडे. शास्त्रीय संगीतातही तसंच. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादन केलं, घराण्यांचा इतिहासही लिहिला. पण अशी नावं घ्यायची म्हटलं तर बोटं मोजावी लागतात.

तर आता डफ घ्यायचा ठरवलं, असं धरून बोलू.

आपल्यासमोर मुख्यतः तीन वाद्यं येतात. डफ हा मोठा, लाकडी कड्याचा, दीड फुटाच्या आसपास. शाहिरांचा तो हाच. बोटांनी वाजतो, आवाज भरदार. हलगी लहान, बहुधा लोखंडी कड्याची. उजव्या हातात जाड टिपरू आणि डाव्या हातात बारीक काडी घेऊन वाजवतात. तिचा आवाज तिखट, चार गल्ल्यांपलीकडे जातो. तिसरी खंजिरी, चकत्या लावलेली, सगळ्यांत हलकी. मोर्चाला हलगी, गाण्याला डफ, आणि शिकाऊ मुलींना खंजिरी, असं माझं मत आहे. खोलीत बसून गाणं म्हणताना हलगी वाजवू नये, बाईचा आवाज तिच्याखाली दबतो.

बाजारात गेलात तर रंग आणि गोंडे बघू नका. डफ उजेडाकडे धरा. कातडं कुठे पातळ आहे, कुठे खरवडताना चरा गेलाय, ते लगेच दिसतं. मग कडेकडेने सात-आठ ठिकाणी बोटाने ठोका. सगळीकडे सारखा आवाज आला तर कातडं सारखं ताणलेलं आहे. कडं सपाट फरशीवर ठेवून बघा, डुगडुगलं तर लाकूड वाकलंय. आणि शेवटची परीक्षा, जी दुकानदार करू देत नाही पण आपण करायचीच : डफ डाव्या हातावर घेऊन पूर्ण एक गाणं उभं राहायचं. शाहिरांचे डफ पुरुषांच्या खांद्याच्या मापाने होतात. आपल्यातल्या बऱ्याचजणी अशक्त असतात, हात भरून येतो. दोन बोटं लहान डफ घेतला म्हणून चळवळ लहान होत नाही. लहान खंजिरीवर पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. तसली खंजिरी कुणी ‘अस्सल’ म्हणून पुढे केली तर घेऊ नका. बकरीचं कातडं पुरतं.

आता फायबरचा प्रश्न. हल्ली प्लॅस्टिकचा पडदा लावलेले, नटबोल्टने ताणायचे डफ सर्रास मिळतात. पावसात ढिले पडत नाहीत, शेकावे लागत नाहीत. आवाज मात्र पत्र्यासारखा. कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या गटांनी पावसाळ्यापुरता तो घ्यावा, माझी हरकत नाही.

पण एका गावात गटाच्या बैठकीत ‘फायबरचाच घेऊ’ असा ठराव झाला. ते गाव दुष्काळी पट्ट्यातलं, पावसाचं निमित्त तिथे कसं चालावं? खोदून विचारलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “डफ ठेवायचा कुणाच्या घरी? देवाजवळ कातडं चालत नाही.” दुसरी म्हणाली, “आणि पाळी असली तर?” तिसरी काहीच म्हणाली नाही. तिचे सासरे गावात हलगी वाजवतात, नवराही वाजवतो. हलगी तापवायची कशी हे त्या बैठकीत एकट्या तिलाच ठाऊक होतं. आणि तीच भिंतीला टेकून गप्प बसली होती.

मैत्रिणींनो, या गप्प बसण्याकडे दुर्लक्ष करून आपल्याला डफ वाजवता येणार नाही. कातडं कमावणं, मढवणं, वाजवणं ही कामं जातींवर लादली गेली. हलगी मातंग समाजाच्या वाट्याला आली. गावच्या जत्रेत, लग्नाच्या वरातीत, मयतीच्या पुढे त्यांनी वाजवायचं, आणि वाजवून झालं की बाहेर उभं राहायचं. देवळाच्या दारात हलगी हवी, वाजवणारा गाभाऱ्यात नको. कातड्याचा विटाळ आणि पाळीचा विटाळ ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. आपण एक टोक सोडायला निघालो आहोत आणि दुसरं घट्ट धरून बसलो आहोत. असं चालणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सवर्ण कार्यकर्त्यांनी विशेष ऐकावी. अनेक दलित कुटुंबांनी गावकीचं वाजवणं ठरवून सोडलं. सक्तीचं, मानहानीचं काम म्हणून सोडलं. तेव्हा त्या घरातल्या बाईला ‘तुझ्या तर रक्तातच ताल आहे, तूच वाजव’ असं म्हणणं हा सन्मान नाही, जुनंच काम नव्या कौतुकाने तिच्या गळ्यात अडकवणं आहे. ती म्हणाली मला नाही वाजवायचं, तर तो तिचा निर्णय. ती म्हणाली मी शिकवते, तर तिला प्रशिक्षकाची खुर्ची आणि प्रशिक्षकाचं मानधन. तामिळनाडूत पराई या चर्मवाद्यावरून हाच वाद झाला, टाकून द्यायचं की आपलं म्हणून वाजवायचं. दिंडीगुल इथल्या शक्ती लोककला केंद्रात दलित मुली पराई वाजवायला शिकतात, उघड्यावर, मान ताठ ठेवून. त्यांचा तो निर्णय आहे. आपल्याकडे प्रत्येक गावात तो नव्याने, त्या बायकांना विचारूनच करावा लागेल.

त्या गावात पुढे काय झालं? डफ चामड्याचाच आला. तो आळीपाळीने प्रत्येकीच्या घरी महिनाभर राहतो. दोन घरांनी अजून घेतलेला नाही. चर्चा चालू आहे.

वाजवण्याविषयी फार सांगत नाही, कारण ते बोलून येत नाही. डफाची खालची कड डाव्या तळहातावर, वरची खांद्याला टेकलेली. पट्टा नसेल तर ओढणी बांधा. उजवा हात मध्यावर पडला की खोल ‘धुम’, बोटं कडेला पडली की ‘टाक’. एवढ्या दोन आवाजांवर आपली निम्मी गाणी निघतात. चार मात्रा मोजा : धुम, टाक, टाक, टाक. मोर्चात ‘धुम’ डाव्या पावलावर घ्या, रांग आपोआप जुळते. जोर मनगटातून लावा. खांद्यातून मारलंत तर दुसऱ्या दिवशी कळशी उचलणार नाही. काचेच्या बांगड्या उजव्या हातातून काढा. बांगड्या काढायला घरी बोलणी बसत असतील तर कोपराकडे सरकवून रुमाल बांधा, ती लढाई वेगळ्या दिवशी लढू. डफ नसेल तेव्हा धान्याच्या डब्यावर सराव करा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे थांबायला शिका. गाण्यात जिथे नेमकं म्हणणं येतं, तिथे डफ खाली. गर्दी जमली की हात आपोआप पळायला लागतो, गाणारीला धाप लागते. वाजवणारीने गाणारीच्या तोंडाकडे बघायचं, गर्दीकडे नाही.

निगा. कातडं दमट हवेत सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी शेकतात. कागद किंवा काटक्यांचा जाळ करा, वीतभर वर धरून फिरवत राहा, एका जागी थांबवू नका. हाताला सोसेल इतकीच ऊब. अति तापलं तर ते ऐन गाण्यात फाटतं. ठेवताना सुती पिशवीत, खुंटीला, जमिनीपासून वर. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते, आणि उंदरांना कातडं आवडतं. ओल्या फडक्याने पुसू नका. बंद जीपमध्ये उन्हात ठेवू नका. नटबोल्टचा डफ असेल तर एक बोल्ट पिळला की पुढचा समोरचा पिळायचा, नाहीतर कडं तिरकं होतं. फाटला तर टाकू नका, मढवणाऱ्याकडे न्या. तो कातडं भिजवून, ताणून, सावलीत वाळवून देतो. त्याला ठरलेले पैसे द्या, ‘संस्थेचं काम आहे’ म्हणून घासाघीस करू नका. गटाच्या खर्चात डफाची दुरुस्ती हा वेगळा रकाना ठेवा, चहापाण्यात घालू नका.

जेवणानंतर चार-चारचे गट पाडू. डफ तीन आहेत, हलगी एक. उरलेल्यांनी स्वयंपाकघरातून थाळ्या आणि लाटणी आणा. ज्यांना हलगी तापवता येते त्यांनी हात वर करा, म्हणजे जाळ त्यांच्या हाती देऊ.