आधी तोबरा, मग रिकीब

श्रोतेहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडच्या मुली काय करतात, हे मी तुम्हांला सांगायला नको. कुरडयांचा चीक ढवळायचा, पापड लाटायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायचं, फार तर आठ दिवस मामाच्या गावाला जायचं. माझ्या शाळेतल्या सात मुलींनी गेल्या मे महिन्यात यांतलं काहीच केलं नाही. त्या पंधरा दिवस घोड्यांच्या पागेत राहिल्या. मुलींसाठी भरवलेलं घोडेस्वारीचं शिबिर होतं ते. मी त्यांच्याबरोबर त्यांची बाई म्हणून गेले होते. तिथले दिवस कसे गेले, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते. शिबिराचं पत्रक शाळेत आलं, तेव्हा मी ते आठ दिवस टेबलाच्या खणात ठेवून दिलं होतं. पोर पडली तर? हातपाय मोडला तर? उद्या तिच्या लग्नात कुणी बोट दाखवलं तर? शिक्षकबंधूंनो, तुम्हीही असं एखादं पत्रक कधीतरी खणात ठेवलं असेल. आमच्या वर्गाच्या भिंतीवर झाशीच्या राणीचं चित्र आहे. पाठीशी मूल, हातात तलवार, खाली उधळलेला घोडा. १८५८ साली ग्वाल्हेरला ती लढता लढता पडली, हे आमच्या मुलींना तोंडपाठ आहे. दरवर्षी भाषणंही होतात. त्या चित्राखाली बसून मी पत्रक खणात टाकलं होतं, ते शेवटी माझं मलाच बरं वाटेना. मग ते बाहेर काढलं.

सात मुलींपैकी एकीच्या घरी घोडी होती. तिचे वडील लग्नात नवरदेवाला घोडी देतात, तोच त्यांचा धंदा. घोडी त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ही मुलगी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्या घोडीला पाणी दाखवत होती, लीद काढत होती, आयाळ विंचरत होती. पण ती एकदाही घोडीवर बसली नव्हती. बसू नकोस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तो प्रश्नच कधी कुणाच्या मनात आला नव्हता! संमतिपत्रावर सही करताना तिचे वडील एवढंच म्हणाले, “बाई, सेवा तिला नवी नाही. बसता येतं का, तेवढं बघा.”

शिबिर पुण्याबाहेर एका माळावर होतं. अठ्ठावीस मुली आणि चौदा घोडे, म्हणजे दोघींत एक. त्यांत तीन शर्यतीतून निवृत्त झालेले, उंच आणि जरा चमकणारे. दोन काठेवाडी. त्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांकडे झुकलेली असतात, त्यावरून ते लगेच ओळखू येतात. बाकीची बुटकी, काटक तट्टं. त्यांत काही भीमथडीची होती. भीमेच्या खोऱ्यातलं हे आपलं जनावर. मराठ्यांच्या दौडी याच्याच पाठीवरून झाल्या. अलीकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. शिकवायला घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदार होते. मुली त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली दोन मोतद्दार.

पहाटे साडेचारला घंटा व्हायची. तुम्हांला वाटेल, मुली उठल्या की घोड्यावर बसत असतील. आमच्या मुलींनाही तसंच वाटलं होतं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी तो भ्रम घालवला. “आधी तोबरा, मग रिकीब,” ते म्हणाले. जनावराच्या तोंडाला तोबरा लागल्याशिवाय स्वारानं चहाला तोंड लावायचं नाही, असा तिथला नियम. आणि तोबऱ्याच्याही आधी पाणी. घोडा एवढा थोरला दिसतो, पण त्याची जठराची पिशवी लहान असते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं किंवा एकदम जास्त पोटात गेलं, की ते बाहेर काढायची त्याला सोय नाही. मग पोटशूळ उठतो, घोडा जमिनीवर लोळतो, पोटाकडे वळून वळून बघतो, आणि वेळेवर पशुवैद्य आला नाही तर दगावतो. म्हणून चंदी थोडी थोडी, ठरल्या वेळेला. आणि वैरण मात्र दिवसभर पुढ्यात. पाणी तर एक घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज पितो. उन्हाळ्यात त्याहून जास्त. नळाला पाणी सकाळी एक तास यायचं. बाकीचं मुलींनी बादल्यांनी हौदातून आणलेलं. पहिल्या तीन दिवसांत अठ्ठावीस जणींच्या तळहातांना फोड आले, ते लगाम धरून नव्हे, बादल्या उचलून.

मग खरारा. चंदी जिरेपर्यंत तासभर घोडा चोळायचा, आणि चारी खूर उचलून त्यांतली घाण आकड्यानं काढायची. खूर उचलताना उभं कुठं राहायचं, हेही शिकावं लागतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं; दिसत नाही ते अगदी पाठीमागचं आणि अगदी नाकासमोरचं. मागून मुकाट्यानं गेलात तर तो लाथ झाडणारच. त्यात त्याचा राग नसतो, भीती असते. म्हणून आवाज देत, अंगावरून हात फिरवत जायचं. माझ्या घोडीवाल्या मुलीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. खोगीर चढवण्यातली मेखही तिला ठाऊक होती. पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात. पट्टा घट्ट बसला असं वाटतं. पाच मिनिटांनी घोडं सैल सुटलं की पट्टाही सैल. म्हणून तंग दोनदा पाहायचा. एकदा बांधताना, आणि एकदा बसण्याच्या आधी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

सव्वासहा ते आठ हीच काय ती स्वारी. पुढं मे महिन्याचं ऊन. पहिले चार दिवस तर रिकिबीसुद्धा काढून घेतलेल्या. उस्ताद मधे उभे, त्यांच्या हातात लांब दोर, आणि घोडं दोराच्या टोकाला गोल फिरतंय. मुलीनं लगामाला हात लावायचा नाही, दोन्ही हात पसरून नुसती मांड सावरायची. चालीपर्यंत सगळं ठीक. दुडकी सुरू झाली की पोटातलं पाणी हलायचं. “टाच खाली! नजर वर! घोड्याच्या कानांत काय बघतेस, तिथं रस्ता नाही!” हे तीन वाक्प्रहार मला आता झोपेतही ऐकू येतात.

इथं आयांसाठी दोन शब्द. बऱ्याच घरांतून मला एकच प्रश्न, आडून आडून, विचारला गेला होता: महिन्याच्या त्या दिवसांत काय? शिबिराला एक डॉक्टरीणबाई येत. त्यांनी सरळ सांगितलं, पोट दुखत असेल तर मुलीनं विसावा घ्यावा, दुखत नसेल तर बसावं. घोड्यावर बसल्यानं त्यात काही बिघडत नाही. एवढं उत्तर पुरे आहे.

आठनंतर घोड्यांना खाली उतरून चालवत थंड करायचं, अंगावरचा घाम धुवायचा, आणि मग पोरींची न्याहारी. दुपारी उकाड्यात सावलीला बसून खोगिरांचं कातडं साबणानं पुसायचं. एक दिवस नालबंद आला. जुना नाल उपटून, वाढलेला खूर तासून त्यानं नवा ठोकला, तेव्हा दोन मुलींनी डोळे मिटून घेतले. खिळा खुराच्या बाहेरच्या कवचात जातो, तिथं आपल्या नखाच्या टोकासारखी वेदना नसते, हे कळल्यावर उघडले. सहा ते आठ आठवड्यांनी हे करावंच लागतं. आपल्याकडे टांग्याच्या घोड्यांचे नाल पार झिजेपर्यंत ठेवतात, त्याची आठवण होऊन मला वाईट वाटलं.

रात्री जेवणानंतर उस्ताद गोष्टी सांगत. ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीत पूर्वी बायकांना प्रवेश नव्हता. १९५२ साली हेलसिंकीला ड्रेसाज या प्रकारात तो पहिल्यांदा मिळाला. आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक घेतलं. त्यांचे पाय गुडघ्याखाली पोलिओनं अधू झालेले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना माणसाचा आधार लागे. एकदा बसल्या, की लागत नसे! या खेळात बाई-पुरुष अशी वेगळी स्पर्धा नसते, सगळे एकाच मैदानात. आपल्याकडे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत ड्रेसाजचं सांघिक सुवर्णपदक आलं. त्या चौघांच्या संघात दोघी मुली होत्या, इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्याकृती सिंग. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुली घेतात आणि घोडेस्वारी तिथल्या शिक्षणातच आहे, हे उस्तादांनी सांगितलं, तेव्हा माझ्या दोन मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. काय ते पुढं कळेल.

आता नवव्या दिवसाकडे येते. त्या दिवशी काही पाहुणे शिबिर बघायला यायचे होते. पाहुण्यांपुढं माझ्या शाळेच्या मुली आधी मैदानात दिसाव्यात, असं मला वाटलं. एरवी बाईमाणूस म्हणून मी कडेला उभी असे. त्या सकाळी पागेत जाऊन मी टाळ्या वाजवत होते: “चला, चला, आटपा!” मुली आटपल्या. सगळ्यांत आधी मैदानात आली ती घोडीवाली मुलगी. दोन फेऱ्या झाल्या, दुडकी सुरू झाली, आणि वळणावर खोगीर एका अंगाला कलंडलं. त्याबरोबर ती खाली. घोडं चार पावलांवर जाऊन उभं राहिलं. डोक्यावर शिरस्त्राण होतं म्हणून डोकं वाचलं, पण डावं मनगट मोडलं.

दवाखान्यातून प्लास्टर घालून आल्यावर मी तिच्या वडिलांना फोन लावला. काय बोलायचं, ते मनात चारदा घोळवलं होतं. “पोरगी जरा घसरली” असंही एक वाक्य तयार होतं. पलीकडून त्यांनी आधी विचारलं, “शुद्धीवर आहे ना?” मी हो म्हटलं. मग विचारलं, “घोडं?” तेही ठीक आहे म्हटलं. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, “बाई, तंग दुसऱ्यांदा पाहिला होता का?”

श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्या तयार वाक्यांतलं एकही चालण्यासारखं नव्हतं. ती दुसऱ्यांदा पाहणारच होती. तिचा हात तंगाकडे गेलेला मी पाहिला होता, आणि मीच टाळी वाजवली होती. मी ते सांगितलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “घोडीवाल्याची पोर आहे. तुम्ही टाळी वाजवली म्हणून तिनं तंग सोडायला नको होता. राहू द्या तिला तिथंच. आता आणली तर पुन्हा बसणार नाही.” आईनं मात्र मागून ओरडून काही सांगितलं. ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही तेच बरं झालं.

ती राहिली. हात झोळीत बांधून सहा दिवस ती एका हातानं तोबरे चढवत होती. बसायला मिळणार नाही, हे कळल्यावर एक रात्र रडली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पागेत ती सर्वांच्या आधी होती. उस्तादांनी तिला मैदानाच्या तोंडाशी उभं केलं. मैदानात शिरणाऱ्या प्रत्येकीचा तंग तिनं हात घालून पाहायचा, आणि ती हो म्हणाल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. मी तिच्या पलीकडे उभी राहत असे, टाळी न वाजवता. शेवटच्या दिवशी बाकीच्या सत्तावीस जणींनी आईबापांपुढं दुडकी आणि छोटी दौड करून दाखवली. तिचे वडील आले होते. त्यांनी स्वारीकडे फार पाहिलं नाही, चौदाही घोड्यांचे खूर मात्र उचलून पाहिले.

हे सगळं मे महिन्यातलं. पावसाळ्यात तिचा हात सांधला. दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली आणि गावोगावचा हंगाम सुरू झाला. नवरदेव मांडवाशी उतरला, की घोडी रिकामी घरी यायची, आणि तिचे वडील दोर धरून पुढं चालत यायचे, हा आमच्या गावचा नेहमीचा देखावा. एका रात्री मी शेवटच्या एस.टी.नं उतरून घरी चालले होते. मागून टापा ऐकू आल्या म्हणून रस्त्याच्या कडेला झाले. वडील बॅटरी घेऊन पुढं, आणि मागं घोडीवर ती. झूल काढून घडी करून पुढ्यात घेतलेली. मला पाहिलं, आणि काही बोलण्याच्या आधी तिनं टाच खाली केली.