परवाना मांडवीचा, परवाना माल्टाचा

(द्वारका, नाशिक येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

समजा, द्वारका चौकाजवळ गाळा घेऊन बसलेल्या एखाद्या धडपड्या तरुणाच्या मनात आलं की धंदा करायचा तर जुगाराचाच, पण रीतसर. चिठ्ठीवर आकडे नाहीत, कुणाला हप्ता नाही. भिंतीवर चौकटीत परवाना आणि मार्चअखेरीला हिशेबतपासणी. त्याने अर्ज कुणाकडे करायचा? प्रश्न ऐकून कुणी हसेल. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मात्र तो एकदा गांभीर्याने घेतला होता.

१९७६ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ‘महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम’ मंजूर झाला. परवाना कसा द्यायचा, कर कसा आकारायचा, सगळं त्यात आलं. राहिली ती फक्त कायदा अमलात आणणारी अधिसूचना. ती कधी निघालीच नाही! सरकारं आली, गेली. कायदा पुस्तकात पडून राहिला. वापरात होता तो १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा. अड्ड्यावर धाड पडते, बावन्न पत्ते, रोकड आणि बाहेर उभ्या मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत राणीच्या काळातल्या त्या कायद्याचं कलम छापून येतं. एका विधी विद्यार्थ्याने उच्च न्यायालयात जाऊन, १९७६च्या कायद्याचं काय करणार ते एकदा सांगा, असं न्यायालयाकरवी सरकारला विचारलं. अखेर ऑगस्ट २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षांत त्याखाली एकही परवाना निघाला नाही.

गंमत अशी की गोव्यातही कायदा १९७६चाच. तो मात्र जुगाराला बंदी करणारा. बंदीच्या त्या कायद्यात १९९२ साली एक खिडकी पाडली गेली: पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांची यंत्रं चालतील. पुढे १९९६ साली खिडकी रुंद झाली आणि पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळही चालू लागले. म्हणून पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीत बसायचं, मांडवीत नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर चढायचं आणि तिथे खऱ्या माणसाच्या हातून वाटलेल्या पत्त्यांवर पैसे लावायचे. किनाऱ्यावरच्या हॉटेलात तोच खेळ यंत्रासमोर. वार्षिक शुल्क जहाजाच्या प्रवासी क्षमतेवर ठरतं आणि ते कोटींच्या घरात जातं. १ फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांनाच आत मज्जाव आहे. म्हणजे पाहुण्यांनी हरावं, घरच्यांनी नाही! ज्या राज्यात परवानगीचा कायदा झाला तिथे कॅसिनो आला नाही, आणि ज्या राज्यात बंदीचा झाला तिथे आला.

सीमा ओलांडून धंदा करण्याची युक्ती तरी कुठे नवी आहे? १९४८ साली मुंबई राज्याने बक्षीस स्पर्धांवर परवाना आणि कर लावणारा कायदा केला. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची शब्दकोड्यांची स्पर्धा बंगळुरूच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चालत असे. अंक छापायचा म्हैसूर राज्यात, पण वाचक, कूपनं आणि प्रवेशशुल्क मुंबई राज्यातूनही गोळा व्हायचं. १९५२च्या दुरुस्तीने सरकारने असे बाहेरचे अंकही कायद्याच्या जाळ्यात ओढले. उच्च न्यायालयात कंपनी जिंकली. एप्रिल १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेद, महाभारत, मनू यांचे दाखले देत सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. आजही या विषयावरचा वकील प्रथम हाच निकाल काढतो.

बंगळुरूच्या जागी आज माल्टा आलं, एवढाच फरक. भूमध्य समुद्रातला हा बेटांचा देश नाशिक महापालिकेच्या हद्दीहून थोडाच मोठा, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. २००४ सालीच दुरून चालणाऱ्या जुगारासाठी तिथे नियम झाले; आजचा कायदा २०१८चा. आपल्या द्वारकेच्या तरुणाने तिथे अर्ज केला तर काय होईल?

आधी युरोपीय आर्थिक क्षेत्रात कंपनी हवी. अर्जाचे पाच हजार युरो, ते परत मिळत नाहीत. कॅसिनोचे खेळ चालवायचे तर भांडवल किमान एक लाख युरो. मग तिथलं जुगार प्राधिकरण माणसाकडे वळतं. मालक कोण, पैसा आला कुठून, पूर्वी कुठे दिवाळं किंवा गुन्हा आहे का? त्यानंतर धंद्याचा आराखडा तपासतात. तोही पटला तर साठ दिवसांत यंत्रणा उभी करून दाखवायची, आणि बाहेरचा तपासनीस येऊन ती ठरल्याप्रमाणे चालते का ते पाहतो. तेव्हा कुठे दहा वर्षांचा परवाना. वर्षाला पंचवीस हजार युरो ठरीव शुल्क, शिवाय उत्पन्नानुसार वेगळा वाटा. खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांत मिसळायचे नाहीत. काळ्या पैशावर नजर ठेवायला जबाबदार माणूस नेमायचा. ठरीव शुल्क मांडवीतल्या जहाजापेक्षा कितीतरी स्वस्त, झडती मात्र कितीतरी कडक. गोव्याने जागेचं भाडं घ्यावं तसा परवाना दिला. माल्टाने माणूस आणि यंत्र तपासून दिला.

म्हणून माल्टाला संत समजायचं कारण नाही. काळ्या पैशाच्या व्यवहारांवर ढिलाई झाल्याबद्दल हा देश २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय करड्या यादीत गेला आणि वर्षाने बाहेर आला. २०२३मध्ये तर तिथल्या संसदेने आपल्या परवानाधारकांविरुद्ध परदेशी कोर्टांनी दिलेले निकाल तिथे बजावता येऊ नयेत अशी तरतूद केली. ऑस्ट्रियातल्या हरलेल्या खेळाडूने ऑस्ट्रियात दावा जिंकला तरी वसुलीला माल्टात दार बंद.

परवान्याचं खरं काम काय, हे भागवतातल्या एका डावात दिसतं. अनिरुद्धाच्या लग्नाला भोजकटला गेलेला द्वारकेचा बलराम रुक्मीशी फासे खेळत होता. डाव बलरामाने जिंकला. मीच जिंकलो, असं रुक्मी म्हणाला. आकाशवाणी झाली की बलरामच जिंकला, पण रुक्मी तिला जुमानेना. भांडण हाणामारीवर गेलं. पंच होता, त्याचा निवाडा बजावणारा नव्हता.

इकडे २०२५चं वर्ष गाजलं. जुलैत सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत फिरली. खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं खातं बदललं आणि मिळालं ते क्रीडा. महिनाभरात संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्य की नशीब हा वर्षानुवर्षं चाललेला वाद त्या कायद्याने बाजूला सारला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ‘ड्रीम इलेव्हन’ या ऑनलाइन खेळाचं नाव उतरलं ते याच कायद्यामुळे. त्यामुळे द्वारकेच्या तरुणाला माल्टाचा परवाना मिळाला तरी नाशिककरांना खेळवायला तो कामाचा नाही. मांडवीतल्या जहाजांना मात्र या कायद्याने हात लावलेला नाही. तो ऑनलाइन खेळांपुरता आहे. आणि १९६९पासून चालत आलेली महाराष्ट्राची लॉटरी तर सरकार स्वतःच विकतं.