फोटोवरून निदान, पण किती?

सोलापूर जिल्ह्याला खिलार बैलाचा अभिमान आहे आणि खांद्यामागे लांबवर जाणाऱ्या शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचाही. या जनावरांवर उपचार करणारे पशुवैद्य मात्र बहुतेक बाहेरून शिकून आलेले: कोणी शिरवळहून, कोणी परभणी-उदगीरहून, तर कोणी १८८६ साली सुरू झालेल्या परळच्या महाविद्यालयातून.

पदवी मिळाली की बॅच पांगते. एकजण सांगोल्याच्या दवाखान्यात, दुसरा दूध संघात, तिसरा लस कंपनीत, चौथा परदेशात. या सगळ्यांना बांधून ठेवतो तो मोबाइलवरचा माजी विद्यार्थ्यांचा गट. त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा उदंड, कामाचे बोलणे थोडे. पण ते थोडे फार मोलाचे असते.

समजा, एखाद्या वाडीत धडधाकट गाय रात्रीत मेली. नाकातून काळसर रक्त येते आहे आणि ते गोठत नाही. मालक म्हणतो, 'डॉक्टर, फाडून बघा ना.' नवा डॉक्टर गटावर फोटो टाकतो आणि एखादा सीनियर लगेच फोन करतो: 'हात लावू नकोस, फाशी (अँथ्रॅक्स) असेल!' या रोगाने मेलेले जनावर फाडले की जंतूंना हवा मिळून त्यांचे बीजाणू तयार होतात आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. शिवाय हा रोग माणसालाही होतो. म्हणून हातमोजे घालून कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, ती प्रयोगशाळेत पाठवायची आणि जनावर न फाडता खोल पुरायचे. पुस्तकात हे सगळे असते, पण मालक आणि सगळी वाडी भोवती उभी असताना आठवेलच असे नाही.

फोटोला मर्यादाही आहेत. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा अंगावरच्या गाठी फोटोत स्पष्ट दिसत. पण ताप आणि फुप्फुसातला आवाज कसा दिसणार? आफ्रिकेत लम्पी १९२९ पासून माहीत आहे. तिकडे काम केलेला एखादा माजी विद्यार्थी अशा वेळी गटावर असला, तर त्याचा अनुभव कामी येतो.

परदेशातल्यांकडून नवे पदवीधर आणखी एक गोष्ट विचारतात: अमेरिकेत व्यवसाय करायचा तर परवाना परीक्षेआधी आपली पदवी तिथे ग्राह्य कशी धरून घ्यायची? दोन मार्ग आहेत, दोन्ही खर्चिक. त्यांतून गेलेल्यांनी खर्च आणि लागलेला वेळ मोकळेपणाने सांगितला, तर स्नेहसंमेलनाच्या वर्गणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.