आपले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे चूल आणि मुले. म्हणून मी चिटणीसबाईंना म्हटले होते, की मला वड्या थापायला सांगा, बोलायला सांगू नका. पण त्यांनी ऐकले नाही. कार्यक्रमपत्रिकेत घालण्यासाठी त्यांनी मला विचारले, "बाई, तुमचे पूर्ण नाव काय?" त्या एका प्रश्नाने आजचा विषय मिळाला, कारण मला क्षणभर उत्तरच सुचेना. मला नावे दोन आहेत. एक आत्याने ठेवलेले आणि एक सासरचे. पत्रिकेत कोणते छापावे हा प्रश्न मला पडला. तसा तो तुमच्यापैकी पुष्कळजणींना पडेल असे मला वाटते.

माझ्या जन्माच्या वेळी आत्या गेवराईकडून, गोदाकाठच्या तिच्या गावाहून आली होती. बाराव्या दिवशी बारसे झाले. घुगऱ्या वाटल्या. वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरविला, गोविंद-गोपाळ झाले, आणि आत्याने माझ्या कानाशी तोंड नेऊन 'गोदावरी' असे सांगितले. रिवाजाप्रमाणे बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या साली आमची विहीर आटली होती. आत्या म्हणाली, "विहिरीला पाणी नाही तर नसू दे, घरात एक नदी तरी असू द्या." हे मला आईने सांगितले. आपले नाव असे कोणाच्या तरी मायेतून आलेले असते. लेकराला अंगडे-टोपडे मिळण्याच्या आधी नाव मिळते. अंगडे फाटते, नाव फाटत नाही.

आपल्याकडे नावे ठेवण्याच्या रीती किती आहेत पाहा. कोणी जन्मराशीचे अक्षर धरून ठेवतो, कोणी आज्याचे नाव नातवाला देतो. आपल्या अंबाजोगाईत योगेश्वरीच्या नावाची मुलगी नाही अशी गल्ली सापडायची नाही. परळीला वैजनाथ हाक मारा, दोघे-तिघे वळून बघतील. आडनावांत तर माणसाचे गाव किंवा धंदा असतो. धारूरहून आला तो धारूरकर, केजहून आला तो केजकर. ज्याच्याकडे गावचे दप्तर होते तो कुलकर्णी, ज्याच्याकडे परगणा तो देशमुख. नाव म्हणजे माणसाची छोटी बखरच म्हणा ना.

ज्या घरी मुले जगत नसत, तिथे दगडू, धोंडू, कचरू, केरबा, उकंडा अशी नावे ठेवीत. ही नावे ऐकून हल्लीची मुले हसतात. पण हसण्यासारखे त्यात काही नाही. दोन-तीन लेकरे मातीत घातलेली आई चौथ्याला कचरू म्हणे, ते काळाला वाटावे की हा कचराच आहे, याला नेऊन काय करावे, म्हणून. नाव ओबडधोबड, पण त्याच्या आत सगळी माया भरलेली.

आता दुसरे एक नाव सांगते, त्यात मात्र माया नाही. ते नाव म्हणजे नकोशी. कोठे नकुसा म्हणतात. मुलींवर मुली झाल्या, की शेवटची नको होती म्हणून नकोशी. ती पोर शाळेत जाते, गुरुजी हजेरी घेतात आणि तिला रोज उभे राहून सांगावे लागते, की मी नको असलेली हजर आहे. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सरकारी पुढाकाराने अशा २८० हून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलली. कित्येक मुलींनी आपले नवे नाव आपणच निवडले. फार चांगले झाले.

पण बहिणींनो, साताऱ्याकडे बोट दाखवून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ राहिल्या. साऱ्या महाराष्ट्रात हा आकडा सर्वांत कमी होता. नकोशीचे निदान बारसे तरी झाले. ज्यांना पाळणाच मिळाला नाही, त्यांची नावे कोणी ठेवली? हा आकडा वाचला त्या दिवशी मला जेवण गेले नाही. पुष्कळ लोकांनी तेव्हापासून खटपट केली आहे, पण दाराशी पाळणा हलतो तेव्हा पेढे की जिलेबी हा भेद अजून माझ्या कानावर येतो, म्हणून बोलते.

आता लग्नाकडे वळते. १९९९ साली माझे लग्न झाले. माप ओलांडून आत आले, लक्ष्मीपूजन झाले. तांदळाचे ताट पुढे ठेवले आणि अंगठीने त्यात नाव लिहिले गेले, 'सुनंदा'. मला आधी कोणी विचारले नव्हते. कारण असे, की माझ्या सासूबाईंचे नावही गोदावरी. एका घरात दोन गोदावऱ्या कशा नांदणार, आणि सुनेला हाक मारताना सासऱ्यांनी बायकोचे नाव कसे घ्यावे? कारण खोटे नव्हते, आणि सासूबाईंनी मला पोटच्या लेकीसारखे वागविले, हेही सांगितले पाहिजे. तरी पहिले महिना-दोन महिने मागून कोणी "सुनंदा" म्हटले, की मी दुसरीच कोणी बाई आली असे समजून पुढे चालत राही. त्यावरून बोलणीही खाल्ली. "ऐकायला कमी येते काय?" असे विचारीत. ऐकायला येत होते, पण ते माझ्यासाठी आहे हे कळत नव्हते.

आपल्या योगेश्वरीची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली. माझी धाकटी लेक मला म्हणते, "आई, बरे झाले. लग्न झाले असते तर तिचेही नाव बदलले असते." पोरीला मी रागावले, पण मनात म्हटले, बोलली ते खोटे नाही. आपल्या गावालासुद्धा निजामाच्या अमदानीत मोमिनाबाद म्हणत. पुढे गावाने आपले जुने नाव परत घेतले. गावाला जमते ते बाईला का जमू नये?

कोणी म्हणेल, बाई, नावाने काय होते? भाकरी तर तशीच भाजावी लागते. मलाही वीस वर्षे तसेच वाटले. पुढची हकीकत ऐका.

काही वर्षांपूर्वी माझे वडील वारले. शेत थोडेसे आहे. वारसाच्या नोंदीची वेळ आली. भाऊ म्हणाला, "ताई, तू फक्त हक्कसोडीवर सही कर." मला काही शेत नको होते, म्हणून मी तयार झाले. चोळी-बांगडीला भाऊ हवा, शेताला काय करायचे? आपल्यातल्या पुष्कळजणी असेच म्हणतात. पण कागद पुढे आले तेव्हा निराळेच झाले. शाळेच्या दाखल्यावर गोदावरी आणि वडिलांचे नाव. आधार कार्डावर सुनंदा आणि नवऱ्याचे नाव. दोन्हींत एक अक्षर जुळेना. कचेरीतील गृहस्थ म्हणाले, "गोदावरी या मयताच्या कन्या खऱ्या, पण तुम्हीच गोदावरी हे कशावरून?" त्यांचा दोष नव्हता, त्यांच्यापुढे कागद होता तसा त्यांनी वाचला. पण माझ्या डोळ्यांत पाणी आले. बापाचे तेरावे मी केले, आणि बापाची लेक असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही! बरे, मी काही मागायला आले नव्हते, सोडायला आले होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की हक्क सोडायचा झाला तरी आधी नाव लागते.

मग प्रतिज्ञापत्र केले. गावात चौकशी झाली, चार माणसे बसली. माझी आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अंधुक. तिला नातवाने धरून आणले. तिने माझा चेहरा हाताने चाचपला आणि सर्वांसमक्ष म्हणाली, "हिचं नाव म्या कानात सांगितलंय. तुमचा कागद मागून आला." कागदावर तिने अंगठा उठविला. त्याच बैठकीत आईच्या वारसाचे विचारताना तिने सहज सांगितले, की वहिनीचे माहेरचे नाव सोना. आई घरात रुक्मिणी होती. चाळीस वर्षे मी तिला आई म्हटले, पण ती सोना आहे हे मला ठाऊक नव्हते. मी तिला विचारले, "कधी सांगितले का नाही?" ती म्हणाली, "कोणी विचारलेच नाही, बाई."

पुढे फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर माझे नाव आले. भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आला. मी त्याला म्हटले, "थोडे दिवस नाव राहू दे. पीक तूच घे, मला पायलीभर ज्वारीही नको. पण बापाच्या कागदावर मला माझे नाव बघू दे." तो रागावून गेला. वर्षभर बोलला नाही. भाऊबीजेला मी ताट वाढून बसले आणि ताट तसेच उचलले, तो दिवस मी विसरणार नाही. मागल्या दिवाळीला मात्र आला. शेताचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. जेवताना एवढेच म्हणाला, "गोदाताई, वरण वाढ." नाव अजून कागदावर आहे. मी बरोबर केले की चूक, हे ज्याचे त्याने ठरवावे. २००५ च्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतकाच वाटा आहे, तो घ्यावा की सोडावा हा जिचा तिचा प्रश्न. पण न वाचता, न विचारता सही करू नका, एवढे मी अनुभवाने सांगते.

माझे निदान दोन कागद होते. आपल्या जिल्ह्यातून दरसाल हजारो बाया ऊस तोडायला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढविते. आणि वहीत नाव नवऱ्याचे. ती बाई तिथे सोना नाही, रुक्मिणीही नाही. ती अर्धा कोयता आहे.

हे पूर्वीपासून असेच चालत आले आहे, असे मात्र म्हणू नका. मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात मी वाचले, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गोदेच्या काठी पैठणला सातवाहनांचे राज्य होते. त्यांचा मोठा राजा गौतमीपुत्र सातकर्णी. म्हणजे गौतमीचा मुलगा. आईचे नाव आधी, मग आपले. ती आई गौतमी बलश्री; नाशिकच्या लेण्यात तिचा लेख आजही आहे. त्याच्या मागून आलेला राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, तोही आईच्या नावाने. एवढ्या मोठ्या राजांना आईचे नाव लावण्यात कमीपणा वाटला नाही. आणि आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई पाहा. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी. तिला कोठले आडनाव आणि कोठला सातबारा? पण तिचे नाव सातशे वर्षे जात्यावर टिकले.

आता सरकारनेही एक पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. ज्यांच्या घरी नवे पाळणे हलले आहेत त्यांनी जन्मदाखला नीट पाहून घ्यावा. त्यात आईचे नाव शुद्ध लिहिले आहे ना, आणि ते तिच्या बाकीच्या कागदांशी जुळते ना, हे बघावे. एका वेलांटीपायी पुढे दहा खेपा पडतात.

माझ्या मंडळाला तीन विनंत्या आहेत. पहिली, की आपल्यापैकी कोणाच्याही घरी नको असलेले नाव मुलीला ठेवू नये, आणि शेजारी कोणी ठेवीत असेल तर बारशाच्या आधी जाऊन बोलावे. दुसरी, की सून घरात आणताना नाव बदलायचे असेल तर आधी तिला विचारावे. तिला हौस असेल तर जरूर बदलावे. नसेल तर तांदळात तिचेच नाव लिहावे. माझ्या थोरल्या सुनेच्या वेळी मी तसेच केले, तांदूळ काही कमी गोड शिजले नाहीत. तिसरी, की मंडळाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिचे जन्मनाव आणि तिच्या आईचे नाव लिहून ठेवावे. ज्यांच्या आई हयात आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर विचारावे. मी उशिरा विचारले.

आपल्याकडे "नाव घ्या" म्हटले की बाई लाजते आणि नवऱ्याचे नाव घेते. ती रीत गोड आहे, ती असू द्या. पण या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाणा झाल्यावर प्रत्येकीने आपलेही नाव मोठ्याने सांगावे, असे मला वाटते.

चिटणीसबाईंना मी शेवटी काय उत्तर दिले ते पत्रिकेत छापलेच आहे. मी गोदावरी, सोनाची लेक.