गुडघ्याचे बळ मांडीत



आपल्या वारणाकाठच्या बायका बसून खाणाऱ्या नव्हेत. धारा, वैरणीचा भारा, उसातली भांगलण आणि चैत्रात जोतिबाचा डोंगर. मग कुणी विचारील, दिवसभर राबतो, निराळा व्यायाम कशाला? तर कामाने गुडघ्यावर भार पडतो. पण तो पेलणारा मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतोच असे नाही. दुखू लागले की आपण पाय जपतो. त्याने स्नायू आणखी रोडावतो व सांध्यावरचा ताण वाढतो.

म्हणून रोज तीन गोष्टी कराव्यात. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबावी, 5 आकडे मोजून सोडावी. मग उताणे निजून एक पाय दुमडावा व दुसरा ताठ ठेवून दीड वीत उचलावा. शेवटी खुर्चीवरून हाताचा टेकू न घेता सावकाश उठावे, सावकाश बसावे. प्रत्येक प्रकार 10 वेळा, दोन्ही पायांनी.

थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले तर कमी करावे. गुण यायला 6 ते 8 आठवडे लागतात. मात्र गुडघा सुजून गरम झाला, अडकला किंवा ताप आला, तर डॉक्टरांनाच दाखवावे.

बाई खाटेला खिळली की घर अडते. तेव्हा स्वतःसाठी 15 मिनिटे काढायला संकोच नको.